शिवांगीचा खांदा

लातूरकडं लाच पैशात देत नाहीत, बॅचमध्ये देतात. हे ठाऊक असूनही श्रीमंतरावांनी पेढा पुढं केला तेव्हा मी तो तोंडात टाकला. त्याची किळस अजून गेलेली नाही.

मी चाकूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. श्रीमंतरावांची शिवांगी माझ्याकडं पाच वर्षं तिरंदाजी शिकली. बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी त्याच आठवड्यात नांदेडला झाली होती. रिकर्व्हला, म्हणजे टोकं वळलेल्या साध्या धनुष्याला, एकेचाळीस मुली. तिघी जाणार. शिवांगी तिसरी आली, गुण सहाशे अकरा. कंपाउंडला, म्हणजे कप्प्या लावलेल्या महागड्या धनुष्याला, मुली होत्याच चार. त्यातली चौथी मनस्विनी, गुण सहाशे त्रेचाळीस. त्या धनुष्यानं गुण जास्तच पडतात. पण चौथी ती चौथीच. राखीव.

मनस्विनीचे वडील अंबरीश सर. लातुरात त्यांच्या डॉक्टरकीच्या क्लासच्या तीन इमारती आहेत. भूकंपात माझी आई आणि धाकटी बहीण दगडांखाली गेल्या. सरांच्या घराचा पोपडाही पडला नव्हता, तरी भूकंपग्रस्ताचा दाखला त्यांनी माझ्याआधी काढला. आता लेकीला राखीव जागेतून प्रवेश मिळावा म्हणून त्यांना खेळाडूचा दाखला हवा होता.

"पेढे कशाचे?" मी विचारलं.

"बालाजीचा नंबर लागला, बाई. सरांच्या हुशार पोरांच्या बॅचला."

बालाजी म्हणजे शिवांगीचा भाऊ. "तो तर त्यांच्या प्रवेश परीक्षेला बसला होता ना? नापास झाला की."

"हाव. पर सर सोता घरी आले. एवढा मोठा मानूस, आमच्या बाजेवर बसून चहा पिला."

"आणि?"

श्रीमंतरावांनी चपलेनं माती उकरली. "पोरीचा खांदा दुखायलाय म्हनून लिहून दिलं. आपली उतरली की सरांची पोरगी जाती. सरांच्या होस्टेलच्या डॉक्टरनं कागद दिला. काल तिरंदाजी संघटनेला मेल बी गेला."

"सही कुणाची?"

"मीच केली तिच्या नावानं."

"तिला विचारलं?"

"तिला काय इचारायचं? बाण मारून मारून काय मारनार हाय, सांगा. पोरगं डॉक्टर झालं तर घर वर येईल."

मी तोंडातला पेढा थुंकला आणि तिथूनच सरांना फोन लावला. "सर, याद्या दोन आहेत. रिकर्व्हची जागा रिकामी झाली तर रिकर्व्हचीच राखीव मुलगी जाते, उमरीची सौदामिनी. तुमची मुलगी कंपाउंडची. कागद मागं घ्या."

सर हसले. "मॅडम, मी पंचवीस वर्षं मेरिट लिस्ट वाचत आलोय. सहाशे त्रेचाळीस मोठे की सहाशे अकरा? तुमच्या शाळेत गणित कोण शिकवतं?"

या माणसानं दोन्ही याद्या एकात मिसळून गुणांप्रमाणे एकच लावली होती. ह्यांच्या दारात कुणी मेलं तरी आधी रँक विचारतील.

चार दिवसांनी संघटनेचं उत्तर आलं. सौदामिनीची निवड झाली. आणि डॉक्टरनं सहा महिने विश्रांती लिहिली म्हणून शिवांगीला सहा महिने मैदानबंदी. दुसऱ्याच सकाळी बालाजीची पेटी होस्टेलच्या फाटकाबाहेर आली. सर भेटलेच नाहीत. शिपाई म्हणाला, काम झालं नाही, दुसरीकडं बघा.

श्रीमंतराव पेटी घेऊन तसेच शाळेत आले. शिवांगी माझ्या खोलीत बाणांची पिसं चिकटवत बसली होती. त्या कागदाचं कळल्यापासून बापाशी ती बोलली नव्हती.

"बाई, खांदा बरा झाला म्हनून लिहून द्या."

"बरा कसा होईल? तो बिघडलाच नव्हता. कागद खोटा होता असं तुम्ही लिहा. बँकॉक गेलं, पण बंदी उठली तर राष्ट्रीय स्पर्धा तरी हाती राहील."

"खोटा म्हनलं की सरांचं नाव येतंय."

"येऊ द्या."

"न्हाई, न्हाई. फुडल्या साली बालाजीला तिथंच टाकायचंय."

पेटी अजून त्यांच्या हातात होती. ज्या फाटकातून ती बाहेर टाकली, त्याच फाटकात हा माणूस पुढच्या वर्षी हात जोडून उभा राहणार होता.

शिवांगीनं हात पुसले. "आबा, मला अठरा पुरी होऊन तीन महिने झाले."

"मग?"

"मग माझी सही चालती."

तिनं माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं. माझा खांदा कधीही दुखलेला नाही. डॉक्टरांनी मला बघितलेलं नाही. खोटा कागद माझे वडील आणि क्लासचे अंबरीश सर यांनी मिळून दिला. त्यावरची सही माझी नाही. ही माझी आहे.

मी खाली साक्षीदार म्हणून सही केली.

"बापाचं नाव घालतीस?" श्रीमंतराव म्हणाले.

"तुमी माझं घातलंच की."

"मग घरी येऊ नको."

"धनुष्य घरी हाय," ती म्हणाली. "तेवढं न्यायला येते. मग न्हाई येत."