चंद्रव्वाच्या सुपात पडलेली पुट्टी

मी एक जुनं सूप आहे. पण तांदूळ पाखडणारं घरंदाज सूप नव्हे, मी विड्यांचं सूप. मैंदर्गीच्या रंभाबाईनं मला विणलं आणि तिथल्या बाजारात चंद्रव्वानं टिचक्या मारून पारखून घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, चंद्रव्वाच्या मांडीवर माझी जागा. एका कडेला कापलेली पानं, दुसऱ्या कडेला तंबाखू, मध्ये दोऱ्याचं रीळ. तिची बोटं अशी भराभर चालत की विडी आपोआपच वळली जातेय असं वाटावं. "चंद्रव्वाची विडी म्हंजे तपासायचं कामच न्हाय," असं कारखान्यातले लोक म्हणत. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्यातलं अर्धं कौतुक मी माझ्या नावावर धरत असे.

गेल्या वर्षी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी चंद्रव्वा दारातल्या कट्ट्यावर विड्या वळत होती. बोळाच्या टोकाकडून पत्र्याचा खडखडाट आला, मागून पोरांचं हसणं, आणि एक मातकट गोळा उडी मारून थेट माझ्यात पडला. मांजरीचं पिल्लू होतं ते. शेपटीला सुतळीनं रिकामा डबा बांधलेला. डब्याच्या आवाजाला भिऊन ते पळत होतं आणि ते पळालं की डबा अजून वाजत होता. सुतळी कातड्यात रुतून रक्त आलं होतं.

"मौशी, ते मांजर आमचं हाय!" पोरं ओरडली.

"तुमचं हाय व्हय? मग या हितं, तुमच्याबी कमरेला एकेक डबा बांदते!" चंद्रव्वा कडाडली. पोरं पसार झाली.

पानं कापायच्या कातरीनं तिनं सुतळी कापली. रक्त थांबेना. मग तिनं जे केलं ते विडीवालीच करू जाणे. माझ्यातली चिमूटभर तंबाखू उचलली आणि जखमेवर दाबली. कातर लागून स्वतःचं बोट कापलं की ती हेच करायची, तिची आईही हेच करायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण मांजर म्हणजे काही माणसाचं बोट नव्हे. पिल्लानं मान वळवून जखम चाटली आणि चाटतच राहिलं. थोड्या वेळात त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. पाय ताठ झाले.

चंद्रव्वानं माझ्यातला सगळा माल जमिनीवर ओतला, टॉवेल पसरून पिल्लू माझ्यात ठेवलं आणि शेजारच्या अल्लाउद्दीनला हाक मारली. तो रिक्षा चालवतो. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही.

"मावशी, जखमेवर काय लावलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तंबाखू." तिनं काही लपवलं नाही.

"मांजराला ती विषच. उद्या सकाळपर्यंत तग धरला तर बघू."

"बगू न्हाय, डाक्टर. जगवायचंच हाय. पोरांनी डबा बांदला ते त्यांचं पाप. पन हे इख माज्या हातानं गेलंय."

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. पिल्लानं तग धरला. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना मात्र त्यांनी बजावून सांगितलं की या मांजरीला तंबाखूचे हात लावायचे नाहीत, तंबाखूच्या लुगड्यानं तिला मांडीवर घ्यायचं नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हे सूप हिच्या आसपास नको." इतकी वर्षं इमानानं राबलो, आणि एका वाक्यात मी वाळीत पडलो.

त्या दिवसापासून माझा मुक्काम बाहेर कट्ट्यावरच्या खुंटीला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणे. इथं तर खुद्द सूपच रडत होतं! राग यायचा मला त्या मातकट गोळ्याचा. पण खुंटीवरून दारातून आतलं सगळं दिसे, आणि जे दिसलं त्यानं माझा राग फार दिवस टिकला नाही.

दर तीन तासांनी चंद्रव्वा हातातली विडी खाली ठेवायची. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, लुगडं बदलायची, मग पिल्लाला ड्रॉपरनं दूध पाजायची. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या पाण्यात तिनं स्वतःच्या आंघोळीला काट मारली, पण हात धुण्याला नाही. पूर्वी संध्याकाळच्या आत उरकणाऱ्या विड्या आता दिवेलागणीनंतरही चालत. कानडीत लहानगीला पुट्टी म्हणतात, तेच नाव तिनं पिल्लाला ठेवलं.

जखम भरली. शेपटीचं टोक तेवढं गेलं. भीती मात्र जाता जाईना. चंद्रव्वानं केस सावरायला नुसता हात वर केला, तरी पुट्टी भिंतीला तोंड लावून जमिनीशी चिकटायची. मग चंद्रव्वानं हट्टच धरला. रोज दुपारी ती फरशीवर बसायची, धुतलेला तळवा उताणा ठेवायची आणि गप्प राहायची. बोलवायचं नाही, धरायचं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तेविसाव्या दिवशी पुट्टी सरकत सरकत आली आणि तिनं एक पंजा त्या तळव्यावर ठेवला.

"अल्लाउद्दीन, ये की रं लवकर!" चंद्रव्वा इतक्या मोठ्यानं ओरडली की पुट्टी पुन्हा कपाटाखाली. बाई हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुट्टीला ठणठणीत म्हटलं, पण पुढचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. मांजर अंग चाटतं, आणि विड्यांच्या घरात तंबाखूची धूळ कितीही पुसली तरी उरते. तिला दुसरं घर बघा, म्हणाले. घरी आल्यावर चंद्रव्वानं बोळात सगळ्यांना हे सांगितलं आणि पुट्टीसाठी घर शोधायला घेतलं. विड्या सोडल्या तर तिनं खायचं काय?

पहिला आला किराणावाला चन्नवीर. "द्या की हिकडं, दुकानात उंदरं लई झाल्यात," म्हणत त्यानं पुट्टीची मानगूट धरायला हात टाकला. "तू पिंजरा घे जा," चंद्रव्वानं त्याला वाटेला लावलं. मग होटगीहून अल्लाउद्दीनची मेहुणी माजिदा आली. शिवणकाम करते, घरात एकटीच असते. ती आली, फरशीवर बसली आणि तळवा उताणा ठेवला. चंद्रव्वानं तिला तीन रविवार असंच बसवलं. तिसऱ्या रविवारी पुट्टी माजिदाच्या ओढणीवर झोपली.

न्यायच्या दिवशी चंद्रव्वा मुद्दाम कट्ट्यावर मला मांडीवर घेऊन कामाला बसली होती. माजिदा पिशवी घेऊन आली, तर पुट्टी आपणहून उंबरा ओलांडून चंद्रव्वाकडे निघाली. चंद्रव्वानं तंबाखूनं माखलेले दोन्ही हात झटकन वर उचलले. "नको गं माझे बाय, हात खराब हायत!" दोन हात डोक्यावर उगारलेले, आणि पुट्टी भ्यालीसुद्धा नाही. मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.

"मावशी, हात धुवून या की, आमी थांबतो," माजिदा म्हणाली.

"नको गं. हात धुतले तर मी तिला सोडायची न्हाय. ने तू."

पुट्टीला आणि माजिदाला घेऊन अल्लाउद्दीनची रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी चंद्रव्वाचे हात वरच होते.

मित्रांनो, मला फक्त अंग आहे, हात नाहीत. तुम्हाला दोन आहेत. मुक्या जिवाच्या शेपटीला डबा बांधायला ते वापरू नका. आणि कधी जखमी जीव दारात आलाच, तर घरचं औषध लावू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. आमच्या चंद्रव्वाला हे चिमूटभर तंबाखूनं शिकवलं. तुम्ही ते माझ्याकडून ऐकून शिका.