भिंतीकडे तोंड केलेले घड्याळ

आमच्या घरात आतल्या खोल्यांना दारे नाहीत. चौकटी आहेत, चौकटींवर बिजागऱ्यांच्या खाचा आहेत, खाचांत जुन्या रंगाचे थर आहेत. दारे मात्र आडवी होऊन आमची टेबले झाली आहेत. मी शाळेत जाणार नाही, घरीच शिकणार, असे ठरले तेव्हा आईने ती उतरवून घेतली. “एवढी मोठी फळी नुसती उभी ठेवून काय करायची?” असे ती आजही येणाऱ्या पालकांना विचारते, आणि ते हसतात. माझ्या खोलीचे दार बैठकीत आहे. त्याच्यावर मी अक्षरे गिरवली, भागाकार शिकलो, आणि आता विशी उलटल्यावर त्याच्याच कडेला बसून शनिवारी दुपारी पालकांच्या शंकांना उत्तरे देतो.

खरे तर उत्तरे आई देते. मी शेजारी असतो. मुलांना घरी शिकवू पाहणारी माणसे तिचा सल्ला घ्यायला येतात, आणि तिचा सल्ला खरोखर चांगला असतो; म्हणूनच तिच्याशी भांडणे अवघड आहे. “मुलाला कळलं नाही तर पुस्तक बदलू नका, जागा बदला. पायरीवर बसवा, ओट्याशी बसवा.” “उपाशी मुलाला गणित घालू नका. चुकतं ते गणित नसतं, पोट बोलत असतं.” आणि सर्वांत आवडता: “शिकायला बसलात की घड्याळ भिंतीकडे फिरवा. काटे दिसले की मूल शिकत नाही, सुटायची वाट बघतं.”

ते मूल मी होतो. आमच्या भिंतीवरचे घड्याळ माझ्यामुळेच उलटे होऊ लागले, आणि हात पोहोचू लागल्यापासून ते फिरवणे हे माझेच काम आहे. मागची बाजू करडी आहे. मधोमध सेलचा चौकोन, कोपऱ्यात कोळ्याचे जाळे. माझ्या बालपणाचा चेहरा कुणी विचारला तर मी तो करडा चौकोन दाखवीन.

“हा माझा मुलगा,” आई ओळख करून देते. “एकही दिवस शाळेत गेला नाही.” मग सगळे माझ्याकडे दुकानातल्या नमुन्याकडे पाहावे तसे, हळुवार आणि जरासे संशयाने पाहतात. मी बोलत नाही. “तो विचार करून बोलतो,” आई म्हणते. प्रत्यक्षात मी थांबतो, कारण थांबलो की ती बोलते.

मागच्या महिन्यात एका टेबलाचा पाय निखळला, म्हणून आईने मला सुतारकाकांकडे पाठवले. त्यांच्या कारखान्यामागच्या छोट्या खोलीचे दार लोटून मी थेट आत शिरलो. ते अंगातला सदरा बदलत होते.

“अरे, दार वाजवायची काही रीत?”

“माफ करा. आमच्याकडे दारं नाहीत.”

त्यांनी सदऱ्यात अडकलेले डोके बाहेर काढले. “मग ते घर आहे की मांडव?”

मग त्यांनी मला बाहेर काढले, दार लावले आणि आतून ओरडून सांगितले, “वाजव. आता थांब. मी ये म्हणेपर्यंत यायचं नाही.” मी थांबलो. बंद दाराबाहेर उभे राहणे ही किती शांत गोष्ट आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आतला माणूस आत होता, मी बाहेर होतो, आणि दोघांचेही काही बिघडले नव्हते.

त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्ताने जाऊ लागलो. त्यांनी मला रंधा धरायला शिकवले, आणि खिळा न मारता दोन फळ्या एकमेकींत कशा अडकवतात ते दाखवले. एके दिवशी हातांवरचा भुसा झटकत म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी भरून निघतोय. दुसऱ्या गावचं काम आहे, वर्ष सहज जाईल. राहायला एकेक खोली आहे. आलास तर तू, नाहीतर माझा भाचा आहेच. आळशांचा राजा आहे, पण वेळेवर येतो.”

“मी फोन करून कळवलं तर?”

“फोनवर सगळेच हो म्हणतात. पिशवी घेऊन समोर उभा राहा.”

“खोलीला दार आहे?”

“सुताराच्या खोलीला दार नसेल तर मग कुणाच्या असेल, बाबा?”

शनिवार आला. पिशवी मी माझ्या दाराखाली, म्हणजे टेबलाखाली ठेवली. पालक निघेपर्यंत थांबायचे नाही. मध्ये चहा होतो, तेव्हा आईला स्वयंपाकघरात गाठून सांगायचे आणि निघायचे, असे ठरवले होते.

“दादा, ही पिशवी कुठे चाललीय?” धाकट्या बहिणीने विचारले. तिला आम्ही खारू म्हणतो. ती कुठेही शिरते.

“कुठे नाही.”

“मग हिच्यात दात घासायचा ब्रश कशाला?”

“तू उघडलीस?”

“आपल्याकडे बंद काय असतं?” ती म्हणाली, आणि खोल जाणत्या नजरेने माझ्याकडे पाहून निघून गेली. बाबाही निघून गेले. शनिवारी त्यांना भाजी आणायची असते, आणि ती आणायला त्यांना शेवटचा पालक जाईपर्यंत वेळ लागतो.

माणसे बसली. “घड्याळ फिरव रे,” आई म्हणाली. मी उठलो, घड्याळ काढले, फिरवले, टांगले. हाताने केले, मनाला विचारले नाही. परत येऊन बसलो तेव्हा करडा चौकोन समोर होता, आणि मनगटावर घड्याळ घालायची आम्हाला सवय नाही; फोन तर बैठकीआधी आईच आत ठेवायला लावते.

चहाच्या वेळी आईभोवती दोघीजणी होत्या. मी दोनदा स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत जाऊन परतलो. वाजवायला तिथे काही नव्हते.

चहानंतर एका नर्सबाईंनी प्रश्न विचारला. त्या कामावरून थेट आल्या होत्या, आणि त्यांनी आईकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले. “मोठं झाल्यावर मुलाला बाहेर जावंसं वाटलं तर?”

मी थांबलो. आईही, कोण जाणे का, थांबली.

“मला जायचंय,” मी म्हणालो. “आजच. सुतारकाम शिकायला. पिशवी भरलीय.”

कुणीतरी कप खाली ठेवला. आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी घरंगळत गेले. मी ते पाहिले, बाकीच्यांनी नाही. तिचे बोट टेबलाच्या कडेवरून, मी लहानपणी कंपासने केलेल्या ओरखड्यांवरून फिरले. मग तिने पदर सारखा करावा तसा चेहरा सारखा केला.

“बघा,” ती पालकांना म्हणाली. आवाज जरासाच हलला. “कुणी सांगितलं नाही याला. स्वतः शोधलं, स्वतः ठरवलं. मी हेच तर म्हणत असते.”

वह्या उघडल्या. पेने चालू लागली. माझे एकुलते एक गुपित माझ्यादेखत सल्ला होऊन गेले.

“पण मुलानं असं धीट व्हावं म्हणून आपण नेमकं काय करायचं?” एका निवृत्त आजोबांनी विचारले. ते नातवासाठी आले होते.

प्रश्न मला होता. मी उठायला हवे होते. त्याऐवजी मी उत्तर दिले. “त्याला घाई करू नका,” मी म्हणालो. “कंटाळू द्या. कंटाळ्याच्या तळाशी त्याला स्वतःचं काहीतरी सापडतं.” शब्द आईचे होते, पण बाहेर पडले ते माझ्या आवाजात, आणि चांगले पडले. सगळे मान हलवत होते. आई ऐकत होती. इतक्या वर्षांत ती प्रथमच माझे ऐकत होती. दुसरा प्रश्न आला, मग तिसरा. एवढे एक सांगून निघू, असे मला प्रत्येक वेळी वाटत होते. मी भिंतीकडे पाहत होतो, आणि करडा चौकोन मला काहीच सांगत नव्हता.

चौकटीत बाबा उभे राहिले. हातात भाजीची पिशवी.

“अजून चाललंय?” ते म्हणाले. “अहो, सात वाजले.”

मी पिशवी घेऊन पळालो. कुणी अडवले नाही. आमच्याकडे कुणी कुणाला कधीच अडवत नाही.

कारखान्याला कुलूप होते. समोर गाडी उभी असायची तिथे तेलाचा ओला डाग होता, आणि फरफटत नेलेल्या फळ्यांच्या रेघा. मागे जाऊन मी त्या छोट्या खोलीचे दार वाजवले. थांबलो. आतून कुणी ये म्हणेपर्यंत जायचे नसते, म्हणून बराच वेळ थांबलो.

परतलो तेव्हा बैठक रिकामी होती. आई टेबलाशी एकटी बसली होती.

“गेली गाडी?”

“गेली.”

“सांगितलं असतंस तर मीच सोडायला आले असते रे,” ती म्हणाली, आणि मला माहीत होते की ते खरे आहे. मग म्हणाली, “सगळ्यांना फार आवडलं तुझं बोलणं. पुढच्या शनिवारी परत—” आणि तिथेच थांबली. “जेवून घे,” म्हणाली.

मी पिशवी टेबलाखाली सरकवली. घड्याळ अजून भिंतीकडे तोंड करून होते. कुणी फिरवले नव्हते. ते माझे काम.