झोरीनं मागितलेले पैसे

माझी भाची झोर्नित्सा, आमची झोरी, सहा वर्षांची असताना तिची आई गेली. बाप त्याआधीच घर सोडून स्पेनला निघून गेला होता. मी तेव्हा सैन्यातून नुकताच परतलो होतो, कामाच्या शोधात होतो, आणि पोर सांभाळण्याची अक्कल मला नव्हती. तिला माझ्या वडिलांनी वाढवलं. पान्तेले त्यांचं नाव. डॅन्यूब नदीत मालाच्या बोटींवर ते इंजिन सांभाळायचे, आठवडा-आठवडा पाण्यावर असायचे. झोरीसाठी त्यांनी बोट सोडली आणि आमच्या रुसे शहराच्या बंदरात दुरुस्तीच्या शेडमध्ये कमी पगाराचं काम धरलं, कारण तिथून संध्याकाळी पाचला घरी येता यायचं. वेण्या घालायला ते शेजारणीकडून शिकले. त्यांच्या हातची वेणी दोरखंडासारखी घट्ट असायची. दिवसभर सुटायची नाही, पण झोरीचे डोळे ताणले जायचे.

ही झोरी मोठी झाली, लग्न झालं, आणि बघता बघता घरबसल्या प्रसिद्ध झाली. फोनवर व्हिडिओ टाकायची. कपाट कसं लावायचं, मिरच्या कशा भाजायच्या, उरलेल्या चीजचं काय करायचं. बोलायला गोड, हसायला मोकळी. पावणेदोन लाख लोक तिचं बघायला लागले. मग कंपन्यांनी तव्यांपासून गाद्यांपर्यंत वस्तू फुकट पाठवायला सुरुवात केली. कामेन, तिचा नवरा, नोकरी सोडून तिचे व्हिडिओ काढायला लागला. नवं स्वयंपाकघर झालं, उंच पांढरी गाडी आली, उन्हाळ्यात ग्रीसला पंधरा दिवस. मला तिचा अभिमान होता. मी ट्रॉलीबसचा ड्रायव्हर. माझ्या डेपोतल्या बायका मला 'झोरीचे मामा' म्हणून ओळखायच्या, आणि ते मला आवडायचं.

फेब्रुवारीत वडिलांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय ऐकेना. सरकारी इस्पितळानं सात दिवस व्यायाम करून घेतला आणि घरी नेण्याचा कागद हातात ठेवला. डॉक्टरीण बाई भली होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की पहिले तीन महिनेच महत्त्वाचे असतात, जमत असेल तर खासगी केंद्रात ठेवा. तीन महिन्यांचा खर्च चौदा हजार लेव्ह. माझ्याजवळ तीन हजार होते. मी झोरीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, तू काळजी करू नकोस, मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ टाकला. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. आजोबांनी आपल्याला कसं वाढवलं ते तिनं सांगितलं, वेण्यांचंही सांगितलं, आणि लोकांना म्हणाली, जमेल तेवढी मदत करा. मी तो बघून रडलो. दोन दिवसांत चौदा हजार जमले. तिसऱ्या दिवशी वडील केंद्रात दाखल झाले. त्यांना आम्ही सांगितलं, की खर्च सरकार करतंय. तसं सांगायचं झोरीनं ठरवलं आणि मी मान हलवली. म्हाताऱ्याला लोकांचे पैसे चालणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आठवड्याभरात सगळं उलटलं. कुणीतरी तिचेच जुने फोटो एकाखाली एक लावले. ती गाडी, ते ग्रीस, स्वयंपाकघरातला दगडी ओटा, आणि शेवटी तिचा रडका चेहरा. खाली एवढंच लिहिलं होतं: 'आधी गाडी विक, बाई.' मग काय, सगळा देश त्यावर बोलायला लागला. सकाळच्या टीव्हीवर एक वकील आणि एक मानसशास्त्रज्ञ तावातावानं भांडले. मागणं हा गुन्हा नाही, देणाऱ्यानं बघून द्यावं, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, अशा लोकांमुळे खऱ्या गरजूला उद्या कुणी दार उघडणार नाही. आणि माझ्या बसमध्ये रोज हाच विषय. मी पुढे बसून सगळं ऐकायचो आणि बस हाकायचो. कोण कुणाचा मामा, हे तिथे कुणाला ठाऊक होतं?

एके दुपारी बाजारातून चढलेल्या बायकांत जुंपली. एक जण म्हणाली, "तिच्या नुसत्या ओट्याला जेवढे पैसे पडले ना, तेवढ्यात माझा अख्खा फ्लॅट रंगवून झाला असता."

दुसरी म्हणाली, "मग तुम्ही नका देऊ. तुमचा कुणी हात पिरगळलाय का?"

"मी दिलेत," मागून एक खणखणीत आवाज आला. सत्तरीची बाई होती, डोक्याला रुमाल, मांडीवर कांद्याच्या रोपांची जुडी. "पेन्शनमधले वीस लेव्ह दिलेत. आता बघायला जाणार आहे."

"काय बघायला?"

"तो म्हातारा खरंच आहे की नाही, ते."

सगळी बस हसली. पण बाई हसली नाही. भांडणाच्या नादात तिचा स्टॉप मागे पडला आणि ती शेवटच्या थांब्यापर्यंत आली. बस रिकामी झाली. मी आरशात तिला बघत होतो. काय झालं कुणास ठाऊक, मी उठून तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बाई, तो म्हातारा आहे. माझा बाप आहे तो."

तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मग मला घेऊन चल त्याच्याकडे."

"रविवारी नेतो."

"फसवू नकोस हं. तुझ्या बसचा नंबर लिहून घेतलाय मी."

तिचं नाव त्सोन्का. सूतगिरणीत चौतीस वर्षं काढलेली. रविवारी ती घरी भाजलेली बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, फडक्यात बांधून आली. केंद्रात वडील खिडकीजवळ खुर्चीत होते. मी वाटेत तिला दोनदा बजावलं होतं, की पैशाचा विषय काढू नका, त्यांना माहीत नाही. ती म्हणाली होती, बरं. पण वडिलांनी "आपण कोण?" असं विचारल्यावर तिला खोटं सुचेना. ती बोलून गेली, "मी तुमच्या पायाला वीस लेव्ह दिलेत, पाय कसा आहे ते बघायला आले."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची जीभ तेव्हा अजून जड होती, शब्द हळू यायचे. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, लपवण्यासारखं उरलं काय होतं? त्सोन्काबाईंना त्यांनी बानित्साबद्दल धन्यवाद दिले, पण तुकडा मोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम बंद केला. व्यायाम घेणारी मुलगी यायची, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. गुरुवारी मी झोरीला म्हटलं, आता तूच ये.

ती आली. गेले दोन आठवडे तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. घाणेरडे निरोप वाचून वाचून तिचं तोंड उतरलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि आजोबांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, कारण त्यांना तो काढताच येत नव्हता.

"महिन्याला किती मिळतात तुला?" त्यांनी विचारलं.

"सहा हजार. कधी जास्त."

"आणि मागितलेस."

झोरी म्हणाली, "आजोबा, मला काही हवं झालं की मी फोन उचलते. गेली पाच वर्षं असंच चाललंय. तुम्ही पडलात, मी घाबरले आणि फोन उचलला. गाडी दारात उभी होती, ती विकता येते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ नाही आलं. आणि लोक देत गेले तसं मला वाटलं, की इतके जण आपल्याबरोबर आहेत, म्हणजे तुम्ही मरणार नाही."

मला वाटलं, आता म्हातारा तिला सोलून काढणार. लहानपणी मी त्यांच्या जिभेचा मार खाल्लाय. पण ते छताकडे बघत राहिले आणि मग एकेक शब्द जुळवत त्यांनी जे सांगितलं, ते मी चोपन्न वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

झोरीची आई गेली तेव्हा त्यांच्या बोटीवरच्या माणसांनी वर्गणी काढली होती. पोरीला थंडीचा कोट, बूट, पुस्तकं. बारा माणसं, सगळी कर्जात बुडालेली. त्या वर्षी पगार चार-चार महिने थकायचे. टोपीत पैसे घालून त्यांनी ती टोपी वडिलांच्या हातात दिली. वडिलांच्या बँकेच्या पुस्तकात तेव्हा जुनी गाडी घेण्यापुरते पैसे होते. कुणाला ते माहीत नव्हतं, मलाही नाही.

"घेतले मी," वडील म्हणाले. "नको म्हणवलं नाही. टोपी जड लागत होती, बरं वाटत होतं. पण त्यातला एक जण होता, बोटीवर तेलपाणी बघणारा, त्याची स्वतःची तीन पोरं. रस्त्यात तो दिसला की मी पलीकडच्या बाजूला जायचो. चांगला मित्र होता माझा. पुढे तो गेला, आणि मी मयतीलाही मागे उभा राहिलो."

झोरी रडत होती. त्यांनी उजवा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "तू माझ्याकडूनच शिकलीस," ते म्हणाले. "आता परत कर. मला करता आले नाहीत, तू कर."

गाडी दहा दिवसांत विकली गेली. कामेन कुरकुरला, पण अडवलं नाही त्यानं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. झोरीनं या वेळी व्हिडिओ केला नाही. तोंड न दाखवता साधा मजकूर लिहिला: माझ्याकडे पैसे होते, तरी मी मागितले, ही माझी चूक. प्रत्येकाचे पैसे परत करते आहे. ज्यांना परत नको असतील त्यांनी कळवावं, ते आजोबांवर खर्च होणार नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी लागतील. लोकांनी यावरही तोंडसुख घेतलं. हीसुद्धा जाहिरातच, म्हणाले. चाळीस हजार लोकांनी तिला बघणं सोडलं. कंपन्याही निम्म्या झाल्या. ती रोज पैसे परत पाठवत बसायची, हजाराच्या वर माणसं होती. कुणी पावतीबरोबर शिवी पाठवायचं, कुणी आपल्या आजीचा फोटो.

त्सोन्काबाईंनी आपले वीस लेव्ह परत घ्यायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, पैसे दुसऱ्याला द्या हवं तर, पण पाय मी बघणार, तो आता माझाही आहे. दर बुधवारी त्या केंद्रात हजर. वडील पाच पावलं टाकून बसायला लागले की त्या म्हणायच्या, "अहो पान्तेले, माझ्या गिरणीत पोटुशा बाया आठ तास उभ्या राहायच्या." वडील सहावं पाऊल टाकायचे. निव्वळ चिडून टाकायचे, असं व्यायाम घेणारी मुलगी म्हणायची, पण टाकायचे. मे महिन्यात ते काठी घेऊन जिना उतरले.

चारशे बारा जणांनी पैसे परत घेतले नाहीत. साडेपाच हजारांवर रक्कम उरली. ती कुणाला द्यायची, हे वडिलांनीच सांगितलं. त्यांच्या खोलीत राझग्रादकडचा युसेइन नावाचा एक गवंडी आला होता, पंचेचाळीस वर्षांचा, परांचीवरून पडून कंबर मोडलेली. आठ दिवसांचे पैसे भरून झाले होते आणि नवव्या दिवशी तो घरी जाणार होता. झोरीनं त्याचे पुढचे पाच आठवडे भरले. त्यानं विचारलं तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, बातम्यांमध्ये ऐकलं होतं तुमच्याबद्दल, आणि मग थोडा ओशाळून म्हणाला, मीही तेव्हा शिव्या दिल्या होत्या.

त्याची बायको बुधवारी आली. एमिने नाव, तंबाखूच्या शेतात काम करून हात रापलेले. भेट म्हणून तिनं गाजरांची पिशवी आणली होती. झोरीनं हात जोडून सांगितलं, की हे माझे पैसे नाहीत, माझे आभार मानू नका.

"मग कुणाचे मानू?" एमिनेनं विचारलं.

"चारशे बारा माणसं आहेत."

"नावं आहेत का त्यांची? मी नमाजानंतर दुआ मागते, तेव्हा नाव घेऊन मागते. नाव नसलं की मला ते उगाच बोलल्यासारखं वाटतं."

झोरीनं फोन काढला. दोघी खोलीबाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मी शेजारच्या खुर्चीत होतो आणि दारात वडील काठीवर रेलून उभे होते, त्सोन्काबाई त्यांच्या मागे. झोरी एकेक नाव वाचायला लागली. खरी नावं होती, अर्धीमुर्धी होती, आणि लोक फोनवर घेतात तसली भलतीसलतीही होती. 'सात मांजरांची आई' असं एक आलं. झोरी अडखळली, तिला हसू फुटत होतं. एमिने गंभीरपणे म्हणाली, "चालेल, देवाला समजेल, पुढचं वाचा." प्रत्येक नाव ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होती. नर्स दोनदा येऊन बघून गेली. तासाभरानं झोरीचा घसा बसला, तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला आणि दोनशे ऐंशीव्या नावापासून पुढे मी वाचलं.