खड्गिनीचे पाय

बघण्याच्या कार्यक्रमात मुला-मुलीला बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं, तेव्हा राजनंदिनीनं अंगदला विचारलं होतं, "तुमाला काय आवडतं?"

आधीच्या स्थळांनी या प्रश्नाला क्रिकेट, फिरणं, आईवडिलांची सेवा अशी उत्तरं दिली होती. अंगद म्हणाला, "एक गेम येणार हाय. कॉम्प्युटरवरचा. त्याची वाट बघतोय."

गेमचं नाव 'खड्गिनी'. त्यातली बाई दोन्ही हातांत तलवारी घेऊन आपलं हिरावलेलं गाव परत मिळवायला निघते. वाटेत शत्रूंच्या झुंडी अंगावर येतात आणि ती त्यांना कापत पुढे जाते. कंपनीनं पहिली झलक दाखवली तेव्हा अंगद कॉलेजात होता. तेव्हापासून दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' असं चाललेलं. तो हातवारे करून सांगत होता आणि समोर पोहे गार होत होते. राजनंदिनीला त्यातलं फारसं कळलं नाही. पण एखाद्या गोष्टीसाठी इतकं उजळणारं तोंड तिनं आधी पाहिलं नव्हतं. तिनं होकार कळवला.

लग्न होऊन ती उमापूरहून नेकनूरला आली आणि ते तोंड पुन्हा काही दिसेना. अंगद बीडला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. सकाळच्या एसटीनं जायचा, उन्हं उतरल्यावर परत यायचा. सासरे मोहनराव गावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या अंगणात कायम खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर कायम कुणीतरी बसलेलं आणि आत गॅसवर कायम चहा. एवढ्या राबत्यात नवरा-बायकोचं बोलणं "जेवलात का?" आणि "हो" यापुढे सरकत नव्हतं. अंगद स्वभावानं वाईट नव्हता. लाजरा होता, आणि वडिलांपुढे तर त्याची मानही वर व्हायची नाही.

गेम आला तो दिवाळीनंतरच्या एका रविवारी. सकाळपासून डाउनलोड चाललेलं. मध्येच नेट गेलं, मग लाईट गेली, मग दोन्ही आले. दुपारी अंगद इस्त्रीचा शर्ट घालून माडीवरच्या कॉम्प्युटरपुढे बसला. राजनंदिनी चहा ठेवून गेली. बऱ्याच वेळानं कप न्यायला आली, तर चहावर साय धरलेली.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"चांगलाय," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

पाहुण्याच्या घरची अळणी भाजीसुद्धा आपण अशाच आवाजात चांगली म्हणतो, हे तिच्या लक्षात आलं. ती कप घेऊन खाली गेली.

पुढचे काही दिवस तो रोज खेळला. क्लासहून यायचा, जेवायचा आणि ड्युटीवर गेल्यासारखा वर जायचा. शेवटी एका संध्याकाळी राजनंदिनी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"तुमी खेळता, पण हसत न्हाई एकदाबी. कावून?"

अंगदनं गेम थांबवला.

"बटण दाबलं का वार व्हायला उशीर लागतो," तो म्हणाला. "झाला तरी तलवार माणसाच्या आरपार जाती, त्याला लागतच न्हाई. चौघं भोवती उभे राहतेत, नंबर लावल्यावानी. मागून कोण मारतंय ते दिसत न्हाई, कारण कॅमेरा भलतीकडंच वळतो आन् आपल्याला नुसती भिंत दिसती. पहिल्या वाटेवरचे शत्रू आन् शेवटच्या वाटेवरचे, सगळे एकच." मग खाली बघत म्हणाला, "लोकं कशाकशाचं दुःख करतेत, आन् मी गेमचं करतोय. हसशील तू."

"मी कशाला हसू? इतकी वर्षं वाट बघितली तुमी." तिनं हात पुढे केला. "द्या बघू इकडं."

कंट्रोलर तिच्या हातात नीट बसेना. तिची खड्गिनी भिंतीला धडकली, गोल फिरली आणि पहिल्याच शत्रूच्या हातून मेली. पुन्हा मेली. पण राजनंदिनी पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"हिचे पाय बघा," ती म्हणाली. "बर्फावर उभं असल्यागत सरकतेत. वार कुठून येणार? पाय रोवल्याबिगर काठीत जोर येतच न्हाई."

"कोणती काठी?"

राजनंदिनीनं कंट्रोलर खाली ठेवला. बघण्याच्या कार्यक्रमाआधी आईनं तिला बजावलं होतं की शिवणकाम सांग, रांगोळी सांग, ते दुसरं सांगू नको.

"शाळेत लाठीकाठी शिकलेय मी," ती हळूच म्हणाली. "विजयमाला बाई होत्या आमाला. जिल्ह्याला गेलते मी खेळायला."

अंगद तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाखव ना."

आणि तिला हवं होतं ते तोंड, अगदी तसंच, आता तिच्याचकडे वळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासहून आल्या आल्या अंगदनं गोठ्यातून वेळूच्या दोन काठ्या गच्चीवर आणल्या. राजनंदिनीनं पदर खोचला. सुरुवातीला काठी दोनदा हातातून निसटली आणि ती जीभ चावून हसली. मग अंगाला जुनं सगळं आठवलं. काठी डोक्यावरून, पाठीमागून, कमरेशेजारून फिरायला लागली. हवेत सूं सूं आवाज घुमायला लागला. तिनं एकदम पाय रोवून काठी खाली आणली आणि अंगदच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर थांबवली.

"भ्यालात?"

"लई," अंगद म्हणाला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला.

मग रोजच संध्याकाळी गच्चीवर काठ्यांचा खडखडाट सुरू झाला. ती त्याचा पाय आपल्या पायानं पुढे सरकवायची, त्याचं मनगट धरून वळवायची. त्याच्या बोटांना मार बसायचा. हळद लावताना ती फुंकर घालायची आणि तो क्लासमधल्या पोरांच्या गमती सांगायचा. सासूबाई सत्यभामा एकदा वाळवण काढायला वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निऱ्या पायात येतेल गं. ड्रेस घाल की." एवढंच म्हणून पापड घेऊन खाली गेल्या.

पण अंगणातून गच्ची दिसायची. एके दिवशी खुर्चीवर बसलेल्या बिभीषण पाटलांनी वर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मोहनराव, सूनबाई लढाईला निघाल्या काय?" सगळे हसले. मोहनरावही हसले, पण तेवढ्यापुरतंच.

जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "गच्चीवरचं उद्यापासून बंद."

राजनंदिनी पोळी वाढता वाढता थांबली. सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अंगदचा घास हातातच राहिला.

"न्हाई होणार बंद, अप्पा," तो म्हणाला.

आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. मोहनरावांनी मान वर केली. हा मुलगा कधी उलटून बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मीच तिला शिकव म्हणलो. शिकणारा मी हाय. कुणाला हसायचं आसंल तर मला हसा म्हणावं. मला चालंल."

मोहनराव हात धुवायला उठले. त्या रात्री राजनंदिनीनं अंगदचा हात धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अंगद एसटीतून उतरून घरी आला, तेव्हा अंगण रिकामं होतं. गडी उत्तरेश्वर खुर्च्या उचलून घराच्या मागच्या बाजूला, लिंबाखाली नेत होता.

"हे काय?" अंगदनं विचारलं.

"अप्पा म्हणले, आजपासून बैठक मागं. इकडं ऊन लागतंय म्हणे." उत्तरेश्वर गालात हसला. संध्याकाळी अंगणात ऊन कधीच नसायचं.

मागच्या बाजूनं गच्ची दिसत नव्हती. मोहनराव याबद्दल पुढे कधी बोलले नाहीत, आणि कुणी त्यांना विचारलंही नाही.

खड्गिनी त्यांनी दोघांनी मिळून संपवली. ती मारामारी करायची, वाट तो सांगायचा. तलवार शेवटपर्यंत आरपारच जात राहिली. गाव परत मिळालं, तेही घाईघाईत. मग काळ्या पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. ती संपेचनात.

"एवढ्या लोकांनी केलाय?" राजनंदिनीनं विचारलं.

"हो."

"मंग लोकांनी नावं ठेवलेली ऐकून त्यांनाबी वाईट वाटलं आसंल."

अंगदनं असा विचार केला नव्हता. गेमला शिव्या देणारं बरंच काही त्यानं नेटवर लिहायला म्हणून मनात जुळवून ठेवलं होतं. ते त्यानं लिहिलं नाही.

"काढून टाकू का आता?" त्यानं विचारलं. "लई जागा खातोय."

"नगं. त्यातला तो नदीचा घाट हाय ना, जिथं कुणीच अंगावर येत न्हाई, तो लई छान केलाय हो. तिथं न्या मला."

अंगदनं गेम पुन्हा सुरू केला. खड्गिनी पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली. तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं. पाण्यावर उजेड हलत होता, पलीकडे बगळे होते. दोघं स्टुलावर खेटून बसली आणि खाली सत्यभामाबाई जेवायला हाक मारत होत्या तरी तशीच बघत राहिली.