महादेवीची बोली

वनूला ऐकू येत नाही हे आम्हाला येरमाळ्यात कळलं. येडेश्वरीच्या देवळासमोर हलगी अशी कडाडली की आजूबाजूची लेकरं आयांच्या पदरात शिरली. माझी वनू मात्र खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेली. सासूबाई म्हणाल्या, "शांत आहे हो पोर." मी तिच्या कानाशी हातातल्या बांगड्या वाजवून बघितल्या. पुढे सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या कानामागं शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या आणि हिला बोलणंही यायचं नाही असं सांगितलं. त्यांचा आवाज फार मऊ होता, त्याचाच मला राग आला.

मला जास्त काही नको होतं. तिनं मला हाक मारावी, एवढंच. तोंडानं नाही तर नाही. पण 'ही माझी आई' असं तिच्या मनात काहीतरी असावं आणि ते माझ्यापर्यंत पोचावं. दोन वर्षांची झाली तरी तिला काही हवं असलं की ती माझा पदर ओढायची आणि मी हाताला लागेल ते दाखवत सुटायची. पाणी? दूध? बाहुली? शेवटी दोघी रडायचो.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी ह्यांची बदली नळदुर्गजवळच्या एका गावातल्या शाळेवर झाली. रुद्रम्मा नावाच्या लिंगायत बाईंच्या घरात दोन खण भाड्यानं मिळाले. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं. घरात त्या आणि त्यांचा मुलगा पंचाक्षरी. अंगण मोठं, मध्ये एक वाटोळी शिळा मातीनं लिंपून बसवलेली. खाली पेव. जमिनीत रांजणासारखं खोदलेलं, वर तोंड अरुंद, आत ज्वारी. निजामाच्या वेळी सक्तीनं धान्य नेणाऱ्या लेव्हीवाल्यांपासून लपवायला खोदलं होतं म्हणे.

वनू पहिल्या दिवसापासून त्या शिळेवर जाऊन बसू लागली. ऊन असो, सावली असो. समोरच्या भिंतीला गोवऱ्यांची रास होती, तिकडं तोंड करून. मला बरंच वाटलं. हाताला काम होतं, पोर डोळ्यांसमोर होती.

महिनाभरात तिचे हात हलायला लागले.

एका सकाळी तिनं माझ्याकडे बघून मूठ ओठांशी नेली आणि अंगठा वर केला. मी सहज तांब्या पुढं केला. ती घटाघटा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुठी आळीपाळीनं खाली ओढल्या, धार काढल्यासारख्या. दूध. मी तिला उचलून गोल फिरवलं. हे शाळेतून आले तर मी दारातच नाचत होते.

"बघून बघून शिकली असेल," हे म्हणाले. "अव्वांच्या गोठ्यात धार काढताना बघते की रोज."

"आणि पाण्याचं?"

"तू पाणी पाजत नाहीस का तिला? का तहानलेलीच ठेवतेस?" म्हणून हसले.

मीही हसले. पण पाण्यासाठी असा अंगठा मी कधी केला नव्हता.

मग एका दुपारी अव्वा ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होत्या. वनूनं त्यांच्याकडे बघितलं, तीन बोटं कपाळावरून आडवी फिरवली आणि एक बोट हनुवटीवर टेकवलं. अव्वांचा हात थांबला. त्यांच्या कपाळाला विभूतीचे तीन पट्टे होते, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. वनूनं मग दाराकडे बोट केलं आणि मांडीजवळ दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली, जणू अडकित्त्यानं सुपारी कातरतेय.

सूप खाली पडलं. ज्वारी अंगणभर झाली.

"मास्तरीणबाई," अव्वा म्हणाल्या, "ही खूण तुमी शिकिवली?"

"मला खुणा येत असत्या तर काय हवं होतं, अव्वा. कसली आहे?"

"आमच्या मालकाची. त्यानला जाऊन चार वर्सं झाली." त्या दाराकडे बघायला तयार नव्हत्या. "आन् ही कपाळाची माजी. आमच्या म्हादेवीनं ठिवलेली नावं हायती ही. तिच्याबिगर ह्या घरात कुनी मला अशी हाक मारली न्हाय."

महादेवी ही त्यांची नणंद. जन्माची मुकी आणि बहिरी. लग्न झालं नाही, ह्याच घरात वाढली. तिनं हातांची आपली एक बोली केली होती आणि घरातल्या सगळ्यांना शिकवली होती. पोलीस ॲक्शन झाल्यावर, गावात पुन्हा माणसं परतल्यावर, पेव उघडलं. बंद पेवात वाफ कोंडते. उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. त्या दिवशी कंदील विझला होता. महादेवी नांगरट बघून शेतातून आली, घरात पीठ नाही म्हणून टोपली घेऊन सरळ पेवाकडे गेली.

"समदे वरडलो आमी," अव्वा म्हणाल्या. "अंगनात धा मानसं व्हती. समदे तिच्या पाठीमागून वरडलो. उतरू नको, उतरू नको. तिला ऐकू येत न्हाय हे का आमाला म्हाईत नव्हतं? पर त्या वक्ताला गळाच फुटला, तिला धराया हात कुनाचाच हालला न्हाय. उतरली ती जिती वर आली न्हाय."

रात्री मी ह्यांना म्हणाले, आपण दुसरीकडे खोली बघू. हे म्हणाले, बघू. पण दुसऱ्या दिवशी वनूनं उठल्या उठल्या मुठीचा अंगठा ओठांशी नेला, मी पाणी दिलं आणि ती खुदकन हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी लेक मला काही मागत होती आणि मला समजत होतं. मी खोलीचं पुन्हा काढलं नाही. उलट अव्वांकडे गेले.

"मला शिकवा."

अव्वा घाबरल्या. मग शिकवू लागल्या. हे शाळेत नि पंचाक्षरी शेतावर गेला, भांडी झाली की आम्ही ओसरीवर समोरासमोर बसायचो. म्हैस, विस्तव, ताप, उद्या, माझं, थांब, खाली, वर. कितीतरी वर्षांत अव्वांचे हात असे हलले नव्हते. आधी ते जड होते, मग भराभर चालू लागले आणि त्या वयानं लहान दिसू लागल्या.

"ही भाकर हाय व्हय? टाळ्या वाजिवताय का भजनात?" त्या मला म्हणायच्या. "तव्यावरची बी कच्ची आन् हातावरची बी कच्ची!"

वनू आमच्याकडे बघायची, पण शिकायची नाही. तिला ते सगळं आधीच येत होतं.

शिकले, आणि मग मला दिसायला लागलं. आधी नुसते हलणारे हात होते, आता ते बोलणं होतं. शिळेवर बसून वनू गोवऱ्यांच्या राशीकडे बघत विचारायची, म्हैस कुठं? मग थांबायची. डोळे कुणाच्या तरी हातांमागून फिरावेत तसे डावीकडून उजवीकडे फिरायचे. मग हसायची आणि उत्तर द्यायची. मी भाकरी थापता थापता बघत राहायची. 

आईची खूण नाकाशी होती, नथीच्या जागी दोन बोटं. ती तिनं एके दिवशी केली. पण माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. माझी भाकरी करपली.

पौषात पंचाक्षरीनं पेव उघडायचं ठरवलं. भाव चांगला होता. सकाळी दोन गडी आले, शिळा सरकवली. आंबूस, उबट वास अंगणभर पसरला. कंदील सोडला तो अर्ध्यातच विझला. "उद्या बघू," म्हणत पंचाक्षरीनं पेवाच्या तोंडावर बाज आडवी टाकली आणि ते जेवायला गेले. मी वनूला आत घेऊन कडी लावली.

मी न्हाऊन केस पुसत होते. कडी कशी निघाली कुणास ठाऊक. ह्यांनी म्हटलं, तूच नीट लावली नसशील. असेलही. उंबऱ्याशी आले तर दार सताड उघडं, आणि वनू बाजेखाली. मोठ्या माणसाला बाज आडवी येते, लेकराला ती छप्पर होते, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडे पाठ करून, पेवाच्या काठावर, दोन्ही पाय आत सोडून ती बसली होती. आणि भिंतीकडे बघत हात हलवत होती. ज्वारी. खाली. ज्वारी. खाली.

मी ओरडले. "वनू!" जीव खाऊन ओरडले. तिची मान हलली नाही. अव्वांची ती दहा माणसं आठवली आणि मी माझाच तळहात तोंडावर दाबला.

धावावं? पावलांची धमधम जमिनीतून तिला कळायची, कळली की ती दचकायची, नाहीतर पकडापकडी समजून पुढं सरकायची. रोजचा खेळ होता आमचा. तिनं वळून बघितलं तरच माझ्या हातांचा उपयोग. आणि ती बघत होती भलतीकडेच. एकटक.

मग मी दोन्ही हात वर केले आणि तिच्या डोक्यावरून, पेवावरून, त्या गोवऱ्यांच्या राशीशी बोलले. एकेक खूण नीट केली. लेकरू. माझं. खाली वाईट. थांबव. थांबव तिला.

वनूचे हात थांबले. तिनं मान हळूहळू वर केली, समोर कुणी बसलेलं उठून उभं राहावं तशी. मग एक पाय वर घेतला. दुसरा घेतला. मागं सरकून बाजेच्या खुराला टेकून बसली. तेव्हा मी धावले.

अव्वा गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. माझे हात त्यांनी बघितले नव्हते, नुसती हाक ऐकून आल्या होत्या. मी वनूला छातीशी धरून सांगितलं तेव्हा त्या भिंतीकडे वळल्या.

"काय म्हनाली म्हादेवी?" त्यांनी विचारलं.

"मला कुठं दिसतं, अव्वा."

पंचाक्षरीनं ज्वारी काढली आणि पेव मुरमानं भरून टाकलं. ह्यांनी शाळेजवळ फरशीची खोली बघितली. मी नको म्हटलं. हे चिडले. "लेकरू मरता मरता वाचलं तिथं राहायचं?" मी म्हटलं, वाचलं ना. आणि तिथं हिच्याशी बोलायला कोण आहे? हे कंदिलाची काच पुसत बसले.

आता आडावर जाताना मी भिंतीला सांगून जाते. लेकरू. बघा. हातांच्या बोलीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात, म्हणून आधी मान लववते. घागरी भरून येईपर्यंत धडधड असते. सांगते म्हणून काही भीती जात नाही. महादेवी नुसतं लेकरू सांभाळेल की कधी बदल्यात काही मागेल, हे मला माहीत नाही.

परवा आडावरून आले तर वनू मुरमावर उभी. मला बघून तिनं एक खूण केली. तळहात तोंडावर दाबला, मग दोन्ही हात वर उचलले. पुन्हा तेच. माझ्याकडे बोट, तळहात तोंडावर, हात वर.

"ही आमच्या घरातली न्हाय," अव्वा म्हणाल्या. "नवी दिसती. नाव हाय हे. तुमचं नाव ठिवलंय कुनीतरी."

माझं नाव. उंबऱ्यात मी जशी उभी होते, तसं. वनूची तर तेव्हा माझ्याकडे पाठ होती.

वनू वाट बघत होती. तिनं हाक मारली होती. हातानं ओ कशी देतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी घागर खाली ठेवली आणि जवळ जाऊन तिला उचलून घेतलं. भिंतीकडे पाठ मात्र केली नाही.