कागद लाजला

फटाक्यांच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या कागदबाईंनी निळ्या कागदाची तिसरी पट्टी पाण्यात कालवलेल्या गंधकात बुडवली आणि तीही लाल झाली. कारखान्यात याला ‘कागद लाजला’ म्हणत. कागद लाजला म्हणजे गंधक आंबट, त्यात आम्ल आहे. आणि आम्ल रंगीत फटाक्यांच्या दारूत गेलं तर काडी ओढायचीही गरज पडत नाही, ती आपली आपण पेटते. दारू कालवायच्या शेडमध्ये पाच बायका बसलेल्या होत्या.

“बाई, पास ना?” दारातून मुकादमांनी विचारलं.

“थांबवा. मी सांगेपर्यंत कुणी कालवायला घ्यायचं नाही.”

गंधकाची पोती बाईंच्या जावयाची होती. एकुलत्या एका मुलीचा नवरा. वर्षापूर्वी बाईंनीच शब्द टाकून त्याला इथे गंधक पुरवायचं काम मिळवून दिलं होतं. पण हल्ली त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. माणूस नजर चुकवतो, विचारलं एक की सांगतो अर्धं. “घरीही गप्पच असतात,” असं मुलगी म्हणाली होती. गप्प माणसाच्या पोटात काय शिजतंय, कोण सांगणार?

त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

“जावईबापू, गंधक धुतलं होतं ना?”

“तीन पाण्यांनी. मी स्वतः उभा होतो.”

“मग कागद का लाजतोय?”

तो पट्टीकडे बघत राहिला. “गेल्या महिन्यातलं शिल्लक असेल ना, तुम्हीच पास केलेलं? ते लावून बघा.”

बाईंनी लावून बघितलं. तेही लाल!

आता कुणालाही वाटलं असतं की गडबड दुसरीकडेच कुठेतरी आहे. पण संशय एकदा डोक्यात बसला की त्याला सगळंच पटतं. ‘म्हणजे गेल्या महिन्यापासूनच! आणि आपण जावई म्हणून डोळेझाक केली,’ असं म्हणत त्यांनी सगळ्या पोत्यांवर खडूने ‘नापास’ लिहिलं. मुकादमांनी जावयाला सांगितलं, पोती उचला, पुन्हा येऊ नका. तो एक शब्द बोलला नाही. ते गप्प राहणंही बाईंना कबुलीसारखंच वाटलं. ऑफिसात जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला.

“तुझा नवरा आम्हाला आंबट गंधक विकतोय. पाच बायका जळाल्या असत्या. विचार त्याला.”

उत्तराची वाट न बघता बाईंनी फोन ठेवला.

परत येऊन त्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि वाट्या विसळायला घेतल्या. कॅनमधून पाणी ओतताना एक थेंब टेबलावरच्या कोऱ्या पट्टीवर पडला.

थेंब पडला तेवढीच जागा लाल झाली.

बाईंनी कॅन खाली ठेवला. तो कालच आला होता आणि आजचं सगळं गंधक त्यांनी याच पाण्यात कालवलं होतं. चाचणीला शुद्ध पाणी लागतं, गाडीच्या बॅटरीत वरून घालतात तसलं. म्हणून त्यांनीच जावयाला सांगितलं होतं, “येताना गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणा.” पण नव्या बॅटरीत भरतात त्या ॲसिडलाही गॅरेजवाले ‘बॅटरीचं पाणी’च म्हणतात. “कुठलं?” असं त्याने विचारलंही होतं. “बॅटरीचं म्हटलं ना!” म्हणून त्या वसकन अंगावर गेल्या होत्या.

आणि आज सकाळी शेडचा नळ बंद होता म्हणून दारू ओली करायला त्यांनी याच कॅनमधली एक बाटली तिकडे पाठवली होती.

बाई धावत सुटल्या. त्या शेडमध्ये पोचल्या तेव्हा पाचही जणी हातावर हात ठेवून गप्पा मारत होत्या. बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं.

“तुम्हीच थांबवलंत ना?” एक जण म्हणाली. “गंधक पास झाल्याशिवाय पाण्याला हात कशाला लावायचा?”

बाईंनी बाटली उचलून घेतली आणि पाण्याचा घोळ सांगितला. मागून आलेल्या मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाचा घाम पुसला. “बाई, तुम्ही संशय घेतलात म्हणून आज वाचलो.”

हे कौतुक बाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

फाटकाबाहेर जावई टेम्पोत पोती दोरीने बांधत होता.

“पोती उतरवा,” बाई म्हणाल्या. “गंधक चांगलं आहे. पाणी आंबट होतं. माझी चूक.”

तो दोरी आवळतच राहिला. “आई, एकच सांगा. संशय पोत्यांचा आला होता की माझा?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“तुमचा,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. पडद्यावर बायकोचं नाव बघून त्याने तो त्यांच्यापुढे धरला. “तुम्हीच घ्या. तिला तुमचं खरं वाटतं.”

बाईंनी हातमोजे काढून फोन कानाला लावला.

“अहो, ऐका,” मुलगी रडत रडत म्हणत होती, “आईच्या पाया पडा आणि सगळं कबूल करून टाका. आई खोटं बोलायची नाही.”

“आईच बोलतेय,” बाई म्हणाल्या.