बोल्टाखालची वायर

स्कॅनरवर कोड आला म्हणून पार्ट बदलायचा नाही, ही मिस्त्रीची शिकवण. ती त्याने गॅरेजातल्या प्रत्येकाला शिव्यांसकट पाजली होती. कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते आपण शोधायचं. पोटच्या पोरीलाही त्याने सोडलं नव्हतं. एकदा नुसता कोड वाचून तिने चांगला सेन्सर काढला, तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हिच्यापेक्षा पोपट बरा, मिरची दिली की गप्प तरी बसतो."

मंगळवारी मिस्त्रीने एका पांढऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट बदलला. गुरुवारी तीच गाडी टोचन करून परत आली. गिऱ्हाईक तणतणत होतं, गॅरेजमालक त्याहून जास्त. पोरीने स्कॅनर लावला. पी-०११८. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची लाइन तुटलेली.

मिस्त्रीने हात खिशात घातले. वर्षभर त्याचे हात थरथरत होते. मालकाला कळलं तर संपलंच. साठीच्या माणसाला कोण दारात उभं करतं?

पोरगी त्याच्याच शिकवणीप्रमाणे सेन्सरपासून वायर चाचपत निघाली. थर्मोस्टॅट बदलताना काढून परत लावलेल्या ब्रॅकेटच्या बोल्टापाशी तिची बोटं थांबली. वायर तिथे चिरडून तुटली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"सेन्सर गेलाय," ती म्हणाली.

मालक कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने टॉर्च घेऊन स्वतःच डोकं आत घातलं. बाहेर आला तो लालबुंद होऊन.

"वायर बोल्टाखाली चेपलीय आणि ही म्हणते सेन्सर गेला! कोणी आवळलाय हा बोल्ट?"

"हिनंच," मिस्त्री म्हणाला. "हजारदा सांगितलं, लक्ष ठेवून काम कर. ऐकेल तर शपथ."

पोरीने स्कॅनर काढून ठेवला. मालकाने तिला उभ्या उभ्या काढून टाकलं. मिस्त्रीला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

"घरी बोलू," तो पुटपुटला.

"बोलायचं काय त्यात?" ती हात पुसत म्हणाली. "बाबा, वर्षभर तुम्ही जेवायला गेलात की तुमचा एकेक बोल्ट मी पुन्हा तपासत होते. मंगळवारी मालकांनी मला पार्ट आणायला पाठवलं, तेवढा एक राहिला."

ती गेली. मालकाने आतून हाक मारली, "मिस्त्री, शाळेच्या बसचे ब्रेक आलेत. तुम्हीच करा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मिस्त्री हो म्हणाला.